गोदामातला नारळ

ती सकाळ आठवली की आजही माझे तळहात ओले होतात. नोकरीत दगड खाल्ले, एकदा कोयत्याचा वार हुकवला, ते सगळं मी गप्पांमध्ये हसून सांगतो. भिवंडीतली ती सकाळ मात्र हसून सांगता येत नाही. लोक विचारतात, साहेब, तुम्ही कधी घाबरलात का? घाबरलो की. खाकी घातली म्हणून पोटात गोळा येत नाही असं थोडंच आहे? नावं कोणाचीच देणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावात राहतात आणि रोज एकमेकांची तोंडं बघतात.

मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीचं एक टोक शहरात, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्ल्यांमध्ये, आणि दुसरं खाडीच्या अंगाला, अंजूरच्या बाजूच्या गावांत. त्या गावांत भाताची खाचरं भरून गोदामं उभी राहिलेली. शहराला नळाचं पाणी पुरत नाही हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उन्हं तापायला लागली की गावांच्या विहिरींवर मोटरी बसतात, टँकर भरतात आणि निजामपुऱ्याच्या चाळींमध्ये रिकामे होतात. त्यामुळे गावच्या विहिरीला काही झालं तर ते गावापुरतं राहत नाही.

शिमग्याला पंधरवडा होता. हजेरी चालू असताना ठाणे अंमलदार धावत आला. एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन होता. हे पाटील शांत गृहस्थ. मारामारी झाली तरी आधी आमची खुशाली विचारणार आणि मग सांगणार. त्या दिवशी त्यांनी खुशाली विचारली नाही.

"साहेब, हातातलं टाका नि या. गावच्या इहिरीत कोनी विष टाकलंय. मानसं आडवी परल्यात. नि एक बाई धरलीय. मी एकटा हाय, मना न्हाय आवरत."

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितलं आणि होती ती माणसं जीपमध्ये कोंबली. आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होती, त्याच पट्ट्यातल्या आगरी घरातली. बोलायला तिखट, डोक्यानं थंड. ती ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, पहिला गावदेवीच्या देवलाकडं घे. बाई तिथंच असेल."

वाटेत दोन रिक्षा समोरून आल्या. एकीतून कोणाचा तरी हात बाहेर लोंबकळत होता. दुसरीत एक बाई मांडीवर एवढीशी पोर घेऊन बसली होती आणि पोरीच्या तोंडाला फेस होता. ड्रायव्हरनं वेग वाढवला.

देवळापुढे सगळं गाव उभं होतं आणि गप्प होतं. ओरडणारा जमाव मला परवडतो. ओरडणाऱ्याचा अर्धा दम ओरडण्यातच जातो. पण गप्प जमावानं काय करायचं ते आधीच ठरवलेलं असतं. मी जीपमधून उतरलो आणि वाट काढत आत शिरलो.

मधोमध एक वारली बाई उभी होती. पस्तिशीची असेल, काटकुळी, कासोटा घातलेली, केस सुटलेले, ओठ फुटून रक्त आलेलं. पायाशी तिची टोपली उलटी पडली होती. त्यात एक छोटी जाळी, कोयती आणि फडक्यात बांधलेली ठेचलेली हिरवी फळं. तिच्यासमोर गावातला एक वजनदार म्हातारा तांब्याचा लोटा घेऊन उभा होता. लोट्यात त्याच विहिरीचं पाणी होतं.

झालं होतं ते असं. सकाळी विहिरीचं पाणी ज्यांनी ज्यांनी प्यायलं त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग अंग कापायला लागलं. दहा-बारा जण आडवे झाले. रिक्षातली ती पोर या म्हाताऱ्याची नात. आणि त्याच सकाळी ही बाई विहिरीपाशी लोकांनी बघितली होती. तिच्या फडक्यातली फळं गेळाची होती. डोंगरातली माणसं ती ठेचून डोहात टाकतात, मासे गुंगून वर येतात, मग हातानं वेचायचे. मासे मारायचं विष हातात आणि बाई विहिरीवर. गावाला आणखी काय पुरावा हवा होता?

"न्हाय टाकलंस ना?" म्हातारा म्हणाला. "मंग पी. देवीच्या पुढ्यात हायेस. खरी असशील तर काय होयाचं न्हाय."

आणि त्या बाईनं दोन्ही हात पुढं करून लोटा घेतला. कोणी जबरदस्ती केली नाही. तिनं तो तोंडाजवळ नेला.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. हातातली छडी मी लोट्यावर मारली. लोटा उडाला आणि पाणी माझ्या पँटवर सांडलं. आणि एवढा मोठा निरीक्षक, मी विंचू चावल्यासारखी मागे उडी मारली! कोणी हसलं नाही. पाणी मातीत जिरत होतं तिथून सगळं गाव दोन पावलं मागं सरकलं.

"साहेब, का आडवलं? ती सोताहून पीत होती." एक तरुण पुढं आला. त्याच्यामागं आणखी चार.

जमावाच्या हातातून माणूस काढायचा तर त्या माणसावर जमावापेक्षा मोठ्यानं डाफरावं लागतं, हे मी जुन्या हवालदारांकडून शिकलो होतो. मी त्या बाईचा दंड धरला. "हिला अटक करतोय! विष टाकते काय? आता सरकार बघेल हिच्याकडे! चल, बस गाडीत!" असा आवाज चढवला की देवळावरची कबुतरं उडाली. गावाला वाटलं, साहेब आपल्या बाजूचा आहे. तेवढ्यात महिला हवालदारनं बाईला जीपमध्ये ढकललंही. तिनं लोटाही उचलला होता. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं, ते पंचांसमोर बाटलीत भरून सील केलं. विहिरीवर दोन शिपाई ठेवले. म्हाताऱ्याला म्हटलं, "आबा, फिर्याद तुम्हीच द्या, चला ठाण्यात." नातीकडे त्याचा मुलगा आणि सून गेले होते. तो मुकाट्यानं गाडीत बसला.

निघता निघता मी पोलीस पाटलांना विचारलं, "सकाळपासून टँकर भरले का हो?"

"भरले ना. पहाटंपासून चालूच हायेत."

 विहीर मागं राहिली होती आणि तिचं पाणी माझ्या पुढं शहरात पोहोचलं होतं. त्यातून भिवंडी, दंगली बघितलेलं शहर. 'पाण्यात विष' हे दोन शब्द निजामपुऱ्यात पोहोचले की गावानं आम्हाला विष घातलं असं होणार. ते फिरून गावात आले की शहरानं घातलं असं होणार. कोणी घातलं हे विचारायला कोणी थांबणार नाही. पाण्यानं मरतील त्याहून जास्त माणसं त्या दोन शब्दांनी मरतील, असं मला स्पष्ट दिसत होतं.

वायरलेसवरून हुकूम दिला की 'विष' हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही. निजामपुऱ्यातल्या मौलानांना आणि शेजारच्या देवळाच्या विश्वस्तांना मी स्वतः फोन केला. दोघांनाही एकच वाक्य दिलं: टँकरचं पाणी खराब आलंय, पिऊ नका, ओतून टाका, पोरांना दूर ठेवा. मौलाना म्हणाले, "साहब, वजह पूछेंगे लोग." मी म्हटलं, "बोलिए टँकर गंदा था." थोड्याच वेळात दोन्ही भोंग्यांवरून तेच वाक्य वाजायला लागलं. त्या दोघांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पोलीस ठाण्याकडे जाताना मी गाडी मुद्दाम निजामपुऱ्यातल्या गल्लीतून घेतली. लूम बंद होते. बंद लूमची गल्ली म्हणजे काय ते भिवंडीकराला विचारा, कानाला ती शांतता सोसत नाही. बायका हंडे, कळशा, ड्रम दारात आणून उलटे करत होत्या. एरवी एका हंड्यासाठी जिथं झिंज्या धरतात तिथं पाणी गुडघ्याएवढ्या गटारातून वाहत होतं आणि आया पोरांना कडेवर घेऊन भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, नमाजाआधी वजू केला ना, हात-तोंड धुतलं मी त्याच पाण्यानं. आता काय होईल मला?"  दोन खोल्यांमधली माणसं आधीच रुग्णालयात गेली होती.

ठाण्यात त्या बाईला बाकावर बस म्हटलं, ती जमिनीवर बसली. महिला हवालदारनं चहा दिला तो तिनं बशीत ओतून घेतला. मी समोर खुर्ची ओढली.

"टाकलंस का काही?"

"न्हाय."

"ही फळं कशाला?"

"गेल हाय. मासं धराया. ओढ्याला डोह ऱ्हायलाय थोरका."

"मग विहिरीवर काय करत होतीस?"

"पानी मागाया गेले. चालून चालून तहान लागलेली."

"प्यालीस?"

"दिलं न्हाय. फडकं बघून हाकललं."

हाकललं म्हणून ती वाचली होती. आणि गावाच्या डोळ्यांत तोच तिचा गुन्हा ठरला होता. विहिरीवर आलेली सगळी माणसं आजारी, ही एकटी धडधाकट. म्हणजे हिला माहीत होतं पाण्यात काय आहे! गावानं काढलेलं गणित चूक होतं, पण बाहेरून पाहणाऱ्याला बिनचूक वाटावं असं होतं. मी तिला उलटसुलट विचारलं, दरडावलं, गोड बोललो. ती एकच शब्द म्हणायची. न्हाय. पुढं पुढं तर तिनं माझ्याकडे बघणंही सोडलं.

तेवढ्यात रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, हे फळाबिळाचं प्रकरण वाटत नाही. पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. शेतात फवारणी करताना औषध अंगात गेलं की होतं तसं आहे. नक्की कुठलं औषध आहे ते कळवा. मी अंदाजानं चाललोय, आणि ती छोटी मुलगी अंदाजावर किती काढेल ते सांगता येत नाही."

फवारणीचं औषध! त्या गावात फवारायला शेतं उरली होती कुठं?

बाहेर गाव जमायला लागलं होतं. टेम्पो भरून माणसं आली. फाटक बंद केलं. "बाईला आमच्या ताब्यात द्या," अशी मागणी सुरू झाली. आता ते ओरडत होते, पण माझी माणसं अर्धी शहरात पाण्याच्या टाक्यांवर उभी होती आणि ठाण्यात बोटांवर मोजण्याएवढे शिपाई. जादा कुमक ठाणे शहरातून निघालीय म्हणत होते. निघालीय आणि पोहोचलीय यात भिवंडीच्या रस्त्यावर किती अंतर असतं ते आम्हाला ठाऊक. एक दगड आला आणि अंमलदाराच्या टेबलाची काच गेली. आतल्या खोलीत ती बाई दचकून भिंतीला टेकली. बाहेरून तिचंच नाव घेत होते, तिला सगळं ऐकू येत होतं.

मी म्हाताऱ्याचा जबाब घ्यायला बसलो. जरा वेळ काढायचा हाही हेतू होताच, फिर्याद चालू आहे म्हटल्यावर गाव दम धरतं. म्हातारा सरळ माणूस. विचारलं तेवढं सांगायचा. कोण कोण आजारी, बाईला पहिलं कोणी पाहिलं, सगळं नीट सांगितलं. आणि मग दारातून उन्हाकडे बघून म्हणाला, "साहेब, लवकर उरकंल का? मना जायाचं हाय. आज अवस हाय."

मला रागच आला. नात मरणाच्या दारात आणि याला अमावास्या आठवतेय! "रुग्णालयात जायचंय म्हणा की."

"तिथं पोरगा हाय. मना गोदामात जायाचं. नारल द्याचाय."

मी पेन खाली ठेवलं. देवळात नारळ समजतो, समुद्राला समजतो. गोदामात कोण नारळ देतं?

"कुठल्या गोदामात?"

"माझ्याच जागंतलं. इकलेली जागा. तिथं माझी ईर होती."

मग ते हळूहळू बाहेर आलं. गावची विहीर आणि याच्या शेतातली विहीर, दोघी एका झऱ्याच्या. गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं, बहिणी मानायचं. जमीन गेली, गोदाम आलं, धाकटी बुजवायची ठरली. आता आमच्याकडे विहीर बुजवणं म्हणजे पाप. विहिरीत साती आसरा राहतात, त्या पाण्याच्या देवता. त्यांना गाडून टाकायचं म्हणजे काय? म्हणून बुजवताना मधोमध एक लांब पाईप उभा करतात, तळापासून वरपर्यंत, तोंड उघडं. विहिरीला श्वास घेता यावा म्हणून. म्हाताऱ्यानं जागा देताना एकच अट घातली होती, की तो पाईप कधी बंद करायचा नाही आणि दर अवसेला मला नारळ फोडू द्यायचा. गोदामवाल्यानं हसून कबूल केली.

"मागल्या अवसेला गेलतू," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "पाईपातून वास आला, साहेब. डोलं झोंबलं. नाक धरून पला लागलं. मी समजलू, कोपल्या. या अवसेला मोठी ओटी भरायची ठरवलीवती. हिरव्या बांगड्या, खन, सगलं आनलंय."

"आणि हे कोणाला सांगितलंत?"

"कोनाला सांगनार? गाव बोललं असतं, तू धाकटीला गाडलीस म्हनून झालं."

 मी विचारलं, "आबा, विहीर कोपली असं तुम्हाला महिनाभर वाटत होतं. मग आज सकाळी त्या बाईला का धरलंत?"

तो खाली बघून आपला पंचा चुरगाळायला लागला. "पोर आडवी परली, साहेब," तो म्हणाला. "कोनाला तरी धरायाच लागतं ना."

इतकी वर्षं चौकशा केल्या. माणूस जे लपवतो ते शोधायला तितकंसं अवघड नसतं. लपवणाऱ्याचे डोळे, हात, कपाळावरचा घाम, काहीतरी बोलतंच. पण जी गोष्ट त्याला पोलिसांना सांगण्यासारखी वाटतच नाही, ती कशी काढणार? देवाधर्माची गोष्ट ठाण्यात कोण सांगतो?

मागच्या दारानं निघालो. महिला हवालदार, दोन शिपाई, म्हातारा आणि मी. गोदामाचं शटर अर्धं खाली होतं. आत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरले. माळ्यापर्यंत रचलेले निळे ड्रम. लांबून लांबून फवारणीच्या औषधांचे रिकामे ड्रम आणायचे, इथं धुवायचे आणि पुन्हा विकायचे असा धंदा. पार मागच्या भिंतीशी, ओल्या फरशीच्या मधोमध, कमरेएवढा पाईप उभा होता. त्यावर हळदी-कुंकवाचे जुने पट्टे, बुडाशी नारळाच्या शेंड्या. आणि त्याच्या तोंडावर तारेनं घट्ट बांधलेलं एक मोठं प्लास्टिकचं नरसाळं.

म्हाताऱ्यानं ते नरसाळं बघितलं आणि तो मटकन खाली बसला.

सुपरवायझर परप्रांतातला, तोंडात मावा. "साहब, ये तो ड्रेनेज का पाइप है," तो म्हणाला. "पहले से है. बुड्ढे ने खुद बोला था, इसको कभी बंद मत करना. तो हमने सोचा, नीचे गटर होगा. धोवन का पानी इसी में जाता है."

"और ये कुंकू, नारळ?"

"वो तो बुड्ढे की पूजा है. हमने कभी मना नहीं किया, साहब. सबका अपना-अपना है."

एकाला तो विहिरीचा श्वास होता, दुसऱ्याला मोरीचं तोंड. मला क्षणभर वाटलं, हा खरंच अडाणीपणानं वागला असेल. म्हणून त्याची परीक्षा घेतली. कोपऱ्यात त्यांच्या बोअरचा नळ होता. हवालदारनं पेला भरून त्याच्यापुढं धरला. "लो भैया, पानी पियो. गला सूख गया होगा."

त्यानं पेला घेतला नाही. "हम लोग जार का पीते हैं."

"आणि कामगार?" मी विचारलं.

"सब जार का, साहब."

"कब से?"

त्यानं मावा थुंकला. तिथं काम करणारा एकही माणूस तिथलं पाणी पीत नव्हता. पाईपाखाली काय आहे हे त्याला कळलं नसेल, पण पाईपात काय जातंय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. हवालदारनं ड्रमवरची नावं फोनवरून डॉक्टरांना वाचून दाखवायला सुरुवात केली. कितव्यातरी नावावर डॉक्टर ओरडले, "हेच, हेच! ठेवा फोन."

भूजलवाल्या साहेबांनी नंतर समजावलं ते थोडक्यात असं. टँकरच्या मोटरी नुकत्याच बसल्या होत्या आणि थोरलीतून दिवसभर पाणी उपसत होत्या. जोर लावून ओढलं की झऱ्याला जे सापडतं ते येतं. धाकटीत ओतलेलं सगळं थोरलीकडे ओढलं गेलं, आणि थोरलीतून शहराकडे.

पण त्या दुपारी मला वेगळीच भीती होती. आता गावाला खरं सांगायचं, म्हणजे बाई सुटणार आणि गोदामातले कामगार सापडणार. माणूस बदलून देण्यात काय अर्थ? म्हणून आधी सगळे कामगार गाडीत घालून दुसऱ्या ठाण्यात पाठवले, सुपरवायझरला अटक केली, मालकाच्या मागे माणसं धाडली, पाईपासकट गोदामाचा पंचनामा करून ते सील केलं. तोवर कुमक पोहोचली होती. मग फाटकावर आलो. माझ्यावर गाव विश्वास ठेवणार नव्हतं. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "आबा, तुम्हीच बोला."

तो जीपच्या बॉनेटला धरून उभा राहिला.  "पाईप माझा हाय," तो म्हणाला. "बाईनं काय केलं न्हाय. पानी माझ्या पाईपातून नासलं."  मघाशी दगड मारणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी माफी मागितली नाही. माणसं एकेक करून टेम्पोत चढली आणि गेली.

नात वाचली. आठवडाभर नळ्या लावून होती, पण वाचली. सगळे वाचले असं मात्र नाही. चाळीतल्या एका कामगाराला उशिरा आणलं होतं, तो गेला. त्याच्या घरून न्यायला आलेला भाऊ मला विचारत होता, "पानी से?" आणि मी मान हलवत होतो. विहिरीवर अजून कुलूप आहे. एकदा बिघडलेलं पाणी जमिनीखाली शोधून धुता येत नाही. चोरीचा माल जप्त करता येतो, पाणी येत नाही.

संध्याकाळी मी त्या बाईला म्हटलं, "चल, तुझ्या पाड्यावर सोडतो." ती उठली नाही. म्हणाली, "साहेब, कागद द्या."

"कसला कागद?"

"मी इख टाकलं न्हाय, असा."

असा दाखला कुठलंच ठाणं देत नाही. गुन्हा केल्याची नोंद होते, न केल्याची कुठं होते? तसं तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग गावातनं घेऊन चला. चालत. लोकं बघतील."

म्हणून आम्ही चाललो. गावाच्या वेशीपासून गावदेवीपुढून पलीकडच्या रस्त्यापर्यंत. ती मधे, एका बाजूला मी पूर्ण गणवेशात, दुसऱ्या बाजूला महिला हवालदार. दारादारांत माणसं उभी होती. देवळापाशी तिची चाल मंदावली. मला वाटलं पडते की काय. पण ती थांबली नाही.

जीपमध्ये बसल्यावर मला राहवेना. म्हटलं, "बाई, त्या पाण्यानं माणसं आडवी झाली हे तू डोळ्यांनी बघितलं होतंस. मग लोटा तोंडाला का लावलास?"

ती बाहेर बघत होती. "मी न्हाय म्हनत होते," ती म्हणाली. "सकाळधरनं न्हायच म्हनत होते. कोनी ऐकत नव्हतं. मंग वाटलं, पानी तरी खरं बोलंल."

या प्रकरणानं काय शिकवलं असं लोक विचारतात तेव्हा मी त्यांना गोदामांची तपासणी, टँकरचे नमुने, असलं काहीतरी सांगतो. तेही खरंच आहे, ते व्हायलाच हवं. पण रात्री जाग येते ती वेगळ्याच विचारानं. सील केलेल्या बाटलीचा अहवाल पुढं आला आणि मी डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, उपाशी पोटी लोटाभर प्याली असती तर रुग्णालयापर्यंतही पोचली नसती. म्हणजे पाणी खरं बोललं नसतं. ती देवीपुढे तडफडून मेली असती आणि गाव म्हणालं असतं, बघा, हिनंच टाकलं होतं, देवीनं न्याय केला. आणि मी जरा उशिरा पोहोचलो असतो, तर पंचनाम्यात मीही तेच लिहिलं असतं.